मैदानावरचं तारेचं विमान बंद करण्याआधी

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांची तक्रार छापून आली. आमच्या भागातल्या मैदानावर रविवारी सकाळी काही पोट्टे-पोट्टी तारेला बांधलेलं इंजिनाचं छोटं लाकडी विमान गरागरा फिरवतात, त्याचा कर्कश आवाज होतो, इंधनातल्या एरंडेलाचा वास पसरतो, आधीच नायलॉन मांजानं लोकांचे गळे कापले जातात त्यात आता पोलादी तारा आल्या, तेव्हा महापालिकेनं आणि पोलिसांनी हा प्रकार थांबवावा, असं त्यांचं म्हणणं. शेवटी त्यांनी विचारलं आहे की, ड्रोनच्या जमान्यात विमान तारेला बांधून फिरवण्यात कसलं आलं विज्ञान?

त्या पोट्ट्यांमधली एक माझी नात आहे, आणि विमान मागून धरून सोडणारा पांढऱ्या मिशांचा म्हातारा म्हणजे मी. तेव्हा उत्तर देणं मला भाग आहे. पत्र लांबलं आहे. कात्री लावायचीच झाली तर माझ्या घरच्या गोष्टींना लावा, मैदानाबद्दलची विनंती तेवढी ठेवा.

मी सुतार. नागपूरच्या महाल, इतवारी, सक्करदरा या भागांतल्या लोकांची दारं, दिवाण, देव्हारे करण्यात उमेदीची वर्षं गेली. श्रावण संपत आला की तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करायचो. अजूनही जवळच्यांसाठी दोन-चार करतो. नात अकरावीला आहे, एनसीसीच्या एअर विंगमध्ये. तिथं एरोमॉडेलिंग, म्हणजे विमानांच्या लहान प्रतिकृती करणं आणि उडवणं, शिकवतात. विमानाचे तीन प्रकार : नुसतं ठेवण्याचं, रिमोटवर उडणारं आणि हे तारेवरचं, ज्याला ते कंट्रोल लाइन म्हणतात. नातीनं तारेवरच्या विमानाचं किट आणलं आणि माझ्या कामाच्या टेबलावर खोका ठेवून म्हणाली, "आबाजी, लाकडाचं आहे. तुम्ही फक्त बाजूला बसा, हात लावायचा नाही." बसलो. हात लावला की नाही ते पुढे कळेलच.

खोक्यात काय असतं ते सांगतो. विमान दुकानातून आणलं, चावी दिली आणि फिरवलं असा तक्रारदारांचा समज झालेला दिसतो, म्हणून. खोक्यात विमान नसतं. खऱ्या मापाचा एक मोठा नकाशा असतो. बाल्सा लाकडाच्या पातळ फळ्या असतात, त्यांत पंखाच्या फासळ्या लेझरनं कापलेल्या. चार-सहा लांब काड्या, धडासाठी बोटाच्या जाडीची एक सपाट फळी, प्लायवुडचे तुकडे, इंजिन बसवायला कठीण लाकडाच्या दोन पट्ट्या, वाकवलेली पोलादी तार म्हणजे चाकांचे पाय, नायलॉनचे दोन लहान सुटे भाग आणि पंखावर चढवायचा टिश्यू कागद. इंजिन वेगळं घ्यायचं, तारा वेगळ्या, गोंद आपला. बाकी सगळं करणाऱ्यानं करायचं.

बाल्सा मी आधी कधी हाताळला नव्हता. उचलला तेव्हा वाटलं, कोणी पापड दिला हातात. हे झाड दक्षिण अमेरिकेतलं; इक्वेडोरमधून याचं लाकूड जगभर जातं. आपलं सागवान घनमीटरला साडेसहाशे किलोच्या आसपास भरतं, बाल्सा शंभर ते दोनशे. गंमत म्हणजे वनस्पतिशास्त्रात याची गणना सागाच्या बाजूला, रुंद पानांच्या कठीण लाकडांत होते; चीड-देवदारांत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांचं मॉस्किटो नावाचं लढाऊ विमान होतं, त्याचं धड बर्चच्या दोन पातळ प्लायवुडांमध्ये बाल्सा भरून केलेलं असे. म्हणजे लाकूड नाजूक दिसलं तरी हलक्यात घेण्यासारखं नाही.

माझा नेहमीचा रंधा त्यावर चालला नाही. तंतू कापले जाण्याऐवजी दबले. इथं चालतं ते नवं ब्लेड आणि ठोकळ्यावर ताणून बसवलेला पॉलिश पेपर. पण लाकूड ओळखण्याची विद्या मात्र तीच. एकाच झाडाची फळी कशी कापली त्यावर तिचा स्वभाव ठरतो. ज्या फळीवर बारीक चमकदार ठिपके दिसतात ती आडवी वाकत नाही, वाकवलीत तर तडकते. ती फासळ्यांना घ्यायची. ज्या फळीवर लांब उभ्या रेघा असतात ती सहज वळते. ती गोलाईवर मढवायला. सागवानात आम्ही हेच बघतो, फक्त तिथं चूक झाली तर दार फुगतं. नातीला हे दाखवलं तेव्हा तिनं दोन फळ्या उन्हाकडे धरल्या, बराच वेळ पाहिल्या आणि त्यांतली एक बाजूला काढली. बरोबर काढली होती. मी काही बोललो नाही, पण रात्री जेवताना सौ.ला सांगितलं.

लेझरनं कापलेल्या कडा जळून काळ्या पडतात. त्या काळ्या थरावर गोंद नीट धरत नाही, म्हणून प्रत्येक कडेवरून पॉलिश पेपरचा एक हलका हात. जास्त घासलं की फासळी लहान होते आणि पंखाची वरची रेषा लाटांसारखी दिसते. नकाशा सपाट पाटावर पसरायचा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक टाकायचं, नाहीतर गोंद खाली उतरून नकाशासकट पंख चिकटतो. पाट खरोखर सपाट आहे का ते पोलादी पट्टी उभी धरून, खालून उजेड दिसतो का पाहून तपासायचं. फासळ्या टाचण्यांनी उभ्या करायच्या आणि प्रत्येकीला काटकोनाचा गुण्या लावायचा. माझ्याकडचा सगळ्यात लहान गुण्याही मोठा पडला. मग तिनं पुठ्ठ्याचा काटकोन कापून घेतला. साधा पांढरा फेव्हिकॉल चालतो. मात्र उन्हाळ्यात आपल्याकडे तो वरून लवकर सुकतो आणि आतून ओला राहतो, म्हणून रात्रभर वजन ठेवावं लागतं. आमच्याकडे त्यासाठी वरवंटा होता आणि जुनं पंचांग होतं.

एवढी काटेकोरी कशासाठी, तर पंखाला पीळ राहिला की विमान आतल्या बाजूला कलतं. आत कललं की तारा ढिल्या. तारा ढिल्या म्हणजे हातातला ताबा गेला. दाराची चौकट दोन सूत वाकडी असली तरी माणूस दार ढकलून आत जातोच. या विमानाला तेवढीही सूट नाही.

आता विमानाचा आत्मा. पंखाच्या पोटात नायलॉनचा एक त्रिकोणी तुकडा बसतो, त्याला बेलक्रँक म्हणतात. तो मधल्या बोल्टवर फिरतो. दोन टोकांना दोन तारा, तिसऱ्या टोकाला एक पोलादी सळी, आणि ती सळी मागे शेपटीच्या एलिव्हेटरला, म्हणजे वर-खाली हलणाऱ्या आडव्या पट्टीला, जोडलेली. तारा डाव्या पंखाच्या टोकातून बाहेर निघतात आणि मैदानाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या मुठीला येतात. मूठ वरच्या अंगाला कलवली की एक तार ओढली जाते, दुसरी सैल होते, बेलक्रँक फिरतो, एलिव्हेटर वर उचलतो, विमान चढतं. खाली कलवली की उतरतं. बस, एवढंच. इलेक्ट्रॉनिक काही नाही. पण विमानाचा सगळा ओढा त्या एका बोल्टवर येतो. म्हणून बोल्टखालचं प्लायवुड एपॉक्सी गोंदानं बसवायचं, आणि बेलक्रँक कुठं अडकत तर नाही ना, हे पंख मढवायच्या आधी शंभरदा हलवून पाहायचं. नंतर तो दिसत नाही. इथं मी पहिल्यांदा हात लावला. प्लायवुडाच्या तुकड्याला मागून एक आडवी पट्टी द्यायला सांगितली. नकाशात ती नव्हती. नातीनं बराच वेळ हुज्जत घातली, वजन वाढेल म्हणाली, पट्टीचं वजन विचारलं. दीड ग्रॅम भरलं. मग लावली.

वजनाचं सांगतो. इतवारीच्या सराफ्यात माझे एक जुने गिऱ्हाईक आहेत. त्यांच्या काट्यावर आम्ही बाल्साच्या काड्या तोलल्या. दुकानातली माणसं सोन्याच्या काट्यावर काड्या बघून हसत होती. पण एका मापाच्या दोन काड्यांच्या वजनात चांगलाच फरक निघाला. जड काडी उजव्या, म्हणजे बाहेरच्या पंखाला लावायची. त्याशिवाय बाहेरच्या पंखाच्या टोकात थोडं शिसं भरावं लागतं, कारण डाव्या पंखाला तारांचं ओझं असतं. मासे धरायच्या गळाला लावतात ते शिसं आम्ही घेतलं. मागचं उभं सुकाणूही जरासं बाहेर वळवून चिकटवतात, म्हणजे विमान सतत बाहेर पळू बघतं आणि तारा ताठ राहतात.

एलिव्हेटरच्या बिजागऱ्या शिवायच्या असतात, हे वाचून मी चाट पडलो. पितळी बिजागरी सोडून दोरा! पण नकाशावर तसंच काढलेलं होतं. एक टाका वरून खाली, पुढचा खालून वर, असा शेवटपर्यंत. हे काम सौ.नं केलं, चष्मा लावून, मालिका बघत. एलिव्हेटर आपल्या वजनानं खाली लोंबला पाहिजे, इतका मोकळा. तसा लोंबला. आमच्या घरात या विमानाबद्दल सर्वांत जास्त अभिमान कोणाला असेल तर तिला आहे, कारण नंतर पडझडीत विमानाचं नाक मोडलं, पाय वाकले, पण तिची शिलाई उसवली नाही.

मग डोप. डोप म्हणजे सेल्युलोजचं पातळ व्हार्निश. टिश्यू कागदावर मारलं की सुकताना कागद ओढला जातो आणि ढोलकीच्या चामड्याइतका ताठ होतो. इथं नागपूरकरांनी लक्ष द्यावं. एप्रिल-मे मध्ये आपल्या घरात दिवसभर कूलर असतो. कूलरची हवा ओली. त्या हवेत डोप सुकला की त्यावर पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं. आम्हा पॉलिशवाल्यांना हे नवीन नाही. पावसाळ्यात चपड्याचं पॉलिश असंच पांढरं पडतं, स्पिरिट किंवा थिनर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं पाणी त्यावर बसतं. म्हणून मी आधीच सांगितलं, कूलर बंद. घरातल्या सगळ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी कोणाचं रेशनकार्ड फाडलं. शेवटी डोपचं काम पहाटे गच्चीवर झालं, जिथं हवा कोरडी आणि मोकळी होती. तशीही ही वस्तू बंद खोलीत वापरू नये. वाफ डोक्यात जाते आणि पेटते लवकर. इंजिनाच्या आजूबाजूला मात्र डोप टिकत नाही, इंधनातलं मिथेनॉल त्याला खातं. तिथं मी पीयू पॉलिशचे दोन हात मारले, जे आम्ही जेवणाच्या टेबलांना मारतो. हा माझा दुसरा हस्तक्षेप.

विमान पूर्ण झालं की ते दोन बोटांवर तोलून बघायचं. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव भागावर किंवा त्याच्याही थोडा पुढे यायला हवा. शेपूट जड राहिलं तर विमान हातात राहत नाही, हे शिकवणाऱ्या सरांनी बजावलं होतं. हे सगळं करायला नातीला परीक्षा सांभाळून कितीतरी रविवार लागले. मोबाइल टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पडून असायचा. मी तिला तो ठेवायला सांगितलं नव्हतं. गोंदाच्या हातानं तो धरता येत नाही एवढंच.

तक्रारदारांना रविवारी जी चार मिनिटं ऐकू येतात, त्यांच्या मागे एवढं असतं.

आता त्यांचा विज्ञानाचा प्रश्न. नातीनं नकाशाच्या मागच्या बाजूला पेन्सिलीनं केलेलं गणित उतरवतो. तार १६ मीटर. म्हणजे एका फेरीचा घेर साधारण १०० मीटर. फेरीला ५ सेकंद. म्हणजे वेग सेकंदाला २० मीटर, ताशी ७२ किलोमीटर. विमानाचं वजन ६०० ग्रॅम. आता वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे ४०० भागिले १६, म्हणजे २५; पृथ्वीची ओढ साधारण १०, म्हणजे तिच्या अडीच पट. तेव्हा हाताला ओढ लागणार दीड किलोची. अकरावीच्या पुस्तकात हे सूत्र आहे, आणि लाखभर मुलं ते पाठ करतात. तिनं मूठ हातात धरली, विमान उडालं आणि खाली उतरल्यावर ती मला म्हणाली, "आबाजी, खरंच दीड किलो आहे हो!" माझ्या मते विज्ञान होतं ते एवढंच, आणि पुरेसं होतं.

आणखी एक. राइट बंधूंनी १९०० साली किटी हॉकच्या वाळूवर आपलं पहिलं ग्लायडर नेलं तेव्हा बहुतेक वेळा ते दोरांना बांधून पतंगासारखंच उडवलं होतं. दोरीला बांधलेलं विमान हे पोरखेळ असतं तर त्यांनी तो खेळ कशाला खेळला असता? दोन तारांचं हे विमान अमेरिकेतल्या पोर्टलंड शहराच्या जिम वॉकर यांनी १९४०च्या सुमारास फायरबॉल नावाच्या किटमधून लोकांपर्यंत नेलं. आज त्याच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धा होतात : एकीत वेग मोजतात, एकीत कसरती, एकीत दोन-तीन विमानं एकाच वर्तुळात शर्यत लावतात, आणि एकीत शेपटीला कागदाची लांब पट्टी बांधून ती एकमेकांची कापतात. ही शेवटची स्पर्धा संक्रांतीला गच्चीवर 'ओ काट' ओरडणाऱ्या नागपूरकरांना समजावून सांगायची गरज नाही.

ड्रोनशी माझं भांडण नाही. लग्नात डोक्यावर घोंघावतो तेव्हा मीही वर बघून हसतो. पण ड्रोन हात सोडला तरी हवेत स्थिर राहतो. त्याच्या पोटातला संगणक त्याला सावरतो. तारेच्या विमानाला सावरणारं कोणी नाही, मुठीवरच्या हाताशिवाय. आपल्या विमानतळाजवळच्या मिहान औद्योगिक क्षेत्रात बोइंगच्या ७८७ विमानाच्या फरशीखालचे बीम तयार झाले आहेत. वायुसेनानगरात हवाई दलाच्या मेंटेनन्स कमांडचं मुख्यालय आहे. ज्या शहरात खऱ्या विमानांचं एवढं काम चालतं तिथल्या पोरांनी एक लाकडी पंख स्वतः जोडला, तर त्यांना मैदानावरून हाकलायचं का?

तारांबद्दल मात्र तक्रारदारांची काळजी मी बाजूला सारत नाही. नायलॉन मांजावर बंदी आहे आणि ती योग्यच आहे. मांजा वाईट का, तर तो कटतो आणि झाडावर, खांबावर, रस्त्यावर कुठंही लोंबत राहतो. तो कोणाचा हे कोणाला माहीत नसतं. या तारा उडवण्याआधी मोजून उलगडतात आणि उडवून झाल्यावर चक्रीवर गुंडाळून घरी नेतात. जाडी ०.३८ मिलिमीटर, पोलादाच्या बारीक धाग्यांची पीळ दिलेली. प्रत्येक वेळी उडवण्याआधी एकानं विमान घट्ट धरायचं आणि दुसऱ्यानं मुठीकडून विमानाच्या वजनाच्या दहापट ओढून बघायचं. आमच्याकडे त्यासाठी रद्दीवाल्याचा स्प्रिंगचा काटा आहे. तो सहा किलो दाखवेपर्यंत ओढतो. तारेला कुठं मुरड पडलेली दिसली की ती तार बाद. मूठ हातून सुटली तरी जाऊ नये म्हणून मनगटाला पट्टा असतो. उडवणाऱ्याची नजर विमानावर खिळलेली असते, मागची झाडं-घरं फिरत राहतात. नजर हलवली की चक्कर येते. म्हणून नव्या पोराबरोबर शिकवणारा मध्येच उभा राहतो आणि त्याच्या हातावर हात ठेवतो.

खरा धोका वेगळा आहे आणि तक्रारदारांनी तो लिहिला नाही, म्हणून मी लिहितो. सकाळी फिरायला येणारे लोक मोबाइलवर बोलत बोलत थेट वर्तुळातून जातात. मी हातवारे करतो, तेही हात हलवून नमस्कार करतात. मोकाट कुत्री विमानामागे धावतात. आम्ही दोन पोट्टे पहाऱ्याला उभे करतो, पण लोकांना वाटतं हे कोण आपल्याला अडवणारे, मैदान काय यांच्या बापाचं आहे? त्यांचंही बरोबर. मैदान सगळ्यांचं आहे आणि वर्तुळ कुठंच आखलेलं नाही. दुसरा धोका विजेच्या तारांचा. विमानाची तार पोलादाची, वीज तिच्यातून थेट हातात येते. खांबांजवळ हा खेळ कोणी खेळताना दिसला तर तक्रारदारांनी खुशाल पोलिसांना बोलवावं, मी त्यांच्या बाजूनं साक्ष देईन.

आवाजाचंही त्यांचं म्हणणं खरं आहे. अडीच सीसीचं इंजिन ओरडतं. निवासी भागात दिवसा ५५ डेसिबलची मर्यादा आहे आणि हे इंजिन जवळून त्यात बसत नाही. आता आम्ही सायलेन्सर लावतो आणि साडेसातच्या आधी इंजिन चालू करत नाही. त्याहून चांगला उपाय पोट्ट्यांनीच काढला आहे : पुढची दोन विमानं विजेच्या मोटारीची करताहेत. बॅटरी आणि ठरल्या वेळी मोटार बंद करणारा टायमर. आवाज मोठ्या पंख्याइतका. एरंडेलाचा वासही जाईल. मला तो वास आवडतो हे कबूल करतो. पण ज्यांनी लहानपणी आईच्या हातून एरंडेल प्यायलं आहे त्यांची मनःस्थिती मी समजू शकतो.

तेव्हा महापालिकेला माझी विनंती अशी. मैदान बंद करू नका, त्याच्या एका भागात एक वर्तुळ आखून द्या. क्रिकेटमध्ये ३० यार्डांचं वर्तुळ असतं तेवढंच, म्हणजे मधोमधून कडेपर्यंत साधारण २७ मीटर. विमानाच्या तारा, हात आणि पंख धरून आम्हाला १८ मीटर लागतात, उरलेली जागा सुरक्षेची. आत चुन्याची फक्की, बाहेर चार खुंट्या आणि दोरी. वेळ रविवारी साडेसात ते नऊ, इतर दिवशी वर्तुळ कोणालाही मोकळं. वर्तुळाच्या कडेला एक पाटी, मराठीत : विमान उडत असताना आत येऊ नये. पाटी मी करून देतो, सागवानाची, अक्षरं कोरून. फक्कीचं पोतंही आमचं. शिकवायला एअर विंगमधून बाहेर पडलेली दोन-तीन मुलं तयार आहेत, आणि किट घेण्याची ऐपत नसलेल्या पोरांसाठी लाकूड कापून देण्याचं काम माझं; नकाशा असला की फासळ्या कापायला लेझर लागत नाही, जिगसॉही नको, ब्लेड पुरतं.

जागाही मी पाहून ठेवली आहे. मैदानाच्या पश्चिमेकडे रस्त्याला लागून विजेचे खांब आहेत, ती बाजू नको. पूर्वेकडची भिंत आणि खो-खोचं मैदान यांच्यामध्ये पुरेशी मोकळी जागा आहे, वरून एकही तार जात नाही, आणि फिरणाऱ्यांची पायवाट तिथून दूर आहे. टेप लावून मापं घेतली आहेत, आराखडा काढून ठेवला आहे. वॉर्ड कार्यालयात कोणाकडे द्यायचा ते कळवावं, म्हणजे सोमवारी नेऊन देतो.

आणि तक्रार लिहिणाऱ्या गृहस्थांना : येत्या रविवारी या. इंजिन बंद असलेलं विमान आधी हातात घेऊन बघा, मूठ वर-खाली करून शेपूट हलवून बघा. मग उडवायचं असेल तर शिकवणारा तुमच्या हातावर हात ठेवेल. चप्पल नको, बूट घाला. गोल फिरताना चप्पल निघते.

आपला,
एक सुतार
जुनी शुक्रवारी, नागपूर
(नाव छापू नये ही विनंती, नात रागावेल.)